अर्ध्यावर थांबलेला अध्याय

आतल्या खोलीतून पुन्हा कण्हणं ऐकू आलं, तसा बाइंडरने आवाज चढवून पुढचा श्लोक वाचला. एका हाताने पान धरून दुसऱ्या हाताने त्याने बायकोला खूण केली, दार ओढून घे.

पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी सत्संग भरे. कटिंग मशीन आणि खळीचे डबे भिंतीशी सारून सतरंजी अंथरली जाई, पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसत. बाइंडरचा गळा गोड. त्याचं वाचन ऐकताना कितीकांचे डोळे पाणावत.

बायकोने दार ओढलं नाही. तिच्या उजव्या मनगटाला आठवड्यापासून प्लास्टर होतं. थोरल्या दिरांना एका हाताने कुशीवर वळवणं तिला जमत नव्हतं. त्यांचं अंग लुळं पडलं त्याला चार वर्षं झाली. सगळं तिनेच केलं, कधी ब्र काढला नाही. आज चादर ओली झाली तेव्हा चार वाजले होते. तिने नवऱ्याला हाक मारली, तर आत्ताच अंघोळ केलीय, वाचनाला बसायचंय, नंतर बघू, असं म्हणून तो मोकळा झाला. आता सहा वाजून गेले होते. ज्या भावाने ह्याचा हात धरून ह्याला पुस्तकं शिवायला शिकवलं तो आत मुतात पडला होता, आणि हा इथे कर्तव्याचा अध्याय वाचत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती सतरंजीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"पुस्तक मिटा. भाऊजी दोन तास ओल्यात पडलेत."

"अध्याय संपू दे. ही वेळ देवाची आहे."

"मग देवालाच बोलवा त्यांचे पाय धरायला. मला एका हाताने उचलवत नाहीत."

कुणी हललं नाही. हा सत्संग सुरू करणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"भावासाठी माणूस ठेवलाय म्हणाला होतास."

मास्तरीणबाईंनी त्याच्या बायकोच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"हा होय तो माणूस," त्या म्हणाल्या.

मदतीला म्हणून एक वायरमन उठू लागला. त्यांनी त्याला हाताने खाली बसवलं.

"तुम्ही नाही, हा जाईल. आम्ही थांबतो रे. नीट आवरून ये, घाई करू नकोस."

सगळी माणसं नुसती बसून राहिली. बाइंडरने पुस्तक खाली ठेवलं, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि आत गेला. बायको उंबऱ्यात उभी राहिली.

खाटेपाशी जाऊन तो थबकला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "चादरी कुठे असतात?"

तिने सांगितलं नाही. खाटेवरच्या भावाने डावा हात कसाबसा उचलला आणि कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं.