पासपोर्टातलं कपाळ

सिंगापूरच्या सहलीआधी पासपोर्टची निदान सहा महिने मुदत उरलेली हवी, असं लेकानं बजावलं होतं. म्हणून सौंदडच्या सुशिलाबाई पूजा आटोपताच आपला पासपोर्ट उघडून बसल्या.

"माहा बराबर हाय, तुहा पाहून घे," न्हाणीत नळ सोडता सोडता नवरा, चुन्नीलाल, ओरडला. "फोटो नोको पाहू, भेशील!"

मुदत भरपूर होती. फोटोत मात्र कपाळावर कुंकू नव्हतं. काढताना तर चांगलं ठसठशीत लावलं होतं.

त्यांनी करंड्यातलं कुंकू अनामिकेनं फोटोला टेकवलं. ते हळूहळू आत जिरलं आणि कपाळ पुन्हा कोरं झालं. आता गळ्यातलं मंगळसूत्रही दिसेना.

"अजी," त्या कशाबशा म्हणाल्या, "आयकता का?"

न्हाणीतलं पाणी तेवढं बादलीवरून वाहत राहिलं.