पागुमेची तीन तारीख

“मावशी, जन्माचा महिना सांगा,” नात्नाएलने तिसऱ्यांदा विचारलं.

“सांगितला की. पागुमे. तीन तारीख, संत रफाएलचा दिवस.” वर्कनेश मावशीनेही तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

नात्नाएलने कॉम्प्युटरची स्क्रीन तिच्याकडे वळवली. यादीत बारा महिने होते. वर्षाच्या शेवटी येणारा पाच दिवसांचा चिमुकला तेरावा महिना, पागुमे, त्यात नव्हताच. सगळी व्यवस्था परदेशातून विकत घेतलेली. बारा नावं इकडची घातली, तेराव्यासाठी जागा करायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तालुक्याच्या कचेरीत आज नोंदणीचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून कर्मचाऱ्यांचं जुनं रजिस्टर बंद. ज्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये नाही, तो सरकारी नोकरीत नाही. वर्कनेश मावशी एकोणतीस वर्षं इथे झाडलोट करत होती. पेन्शनला एकच वर्ष उरलं होतं.

“मेस्केरेमची एक टाकतो,” नोंदणीसाठी राजधानी आदिस अबाबाहून आलेला नात्नाएल अजिजीने म्हणाला. “पागुमे संपला की मेस्केरेम, नवं वर्षच लागतं. तीन दिवसांनी काय बिघडतंय?”

“शिवाय कागदावर वर्षभराने तरुण व्हाल, मावशी!” रांगेतून ड्रायव्हर देमेके ओरडला. “नाहीतरी पागुमेचा पगार सरकार देत नाही. वाढदिवस कुठून देणार?”

रांग हसली. मावशीही हसली. मग तिने स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं.

“इथे काय लिहिलंय, लेकरा?”

“‘वरील माहिती खरी असल्याचे मी शपथेवर सांगते.’ सगळ्यांना तेच असतं.”

“मग मी सही कशी करू?” ती हळूच म्हणाली. “आज बुधवार. सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात नाही. उपास धरायचा आणि शपथ खोटी घ्यायची?”

“अहो, पेन्शन जाईल!”

“कळतंय रे मला.”

ती उठली, पण दाराकडे गेली नाही. खुर्चीची पाठ धरून तशीच उभी राहिली.

गलका ऐकून कचेरीचे प्रमुख गेताहून साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. नात्नाएलने त्यांना सगळं सांगितलं.

“तुम्हीच समजवा, साहेब. पागुमेत जन्मलेले बाकीचे गुपचूप दुसरी तारीख टाकून गेले.”

“किती जण?”

“सहा तरी असतील.”



“सात,” साहेब म्हणाले. “मला धरून.”

या वेळी रांगेत कुणी हसलं नाही. साहेबांनी तिथूनच आदिसच्या मुख्य कचेरीला फोन लावला. आधी विनंती केली, मग आवाज चढवला.

“नाही, नाही, बाई चुकत नाहीये, यादी चुकतेय… तुमच्याकडे काय पागुमे वगळून नवं वर्ष येतं का?… मग घाला ना! आम्ही बसलोय इथे. नोंदणी झाल्याशिवाय आज कचेरी बंद होणार नाही.”

थांबायचंच आहे तर रिकामं कशाला बसायचं, म्हणून मावशीने कॉफी भाजायला घेतली. खोलीभर वास पसरला. ज्यांचा उपास नव्हता त्यांनी दोन-दोन कप घेतले. देमेकेने तिसराही मागितला.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा यादीच्या तळाशी एक नवं नाव उमटलं. नात्नाएलने ते मोठ्याने वाचून दाखवलं, मग तीन हा आकडा निवडला. छापून आलेल्या कागदावर मावशीने शपथेच्या ओळीवरून सावकाश बोट फिरवलं आणि सही केली. मोठी, सुटी अक्षरं. एकही गाळलं नाही.

“पुढचं कोण?” नात्नाएलने विचारलं.

देमेके पुढे व्हायला निघाला आणि मागे वळून बघतच राहिला. त्याच्या मागे, रांगेच्या शेवटी, आपला जन्माचा दाखला हातात धरून गेताहून साहेब उभे होते.

“साहेब, खरी तारीख टाकलीत तर तुम्ही याच वर्षी रिटायर व्हाल की!”

“हो रे,” साहेब म्हणाले. “चल, पुढे सरक.”