शंकरपटाची टेस्ट

गुणी माणूस पारखणं हे पुण्याचं काम आहे, असं बाबारावभाऊ म्हणत. शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, मोबाइल गेम बनवायचं काम त्यांना बाहेरच्या कंपनीकडून मिळालं होतं, आणि फ्रीलान्स प्रोग्रामर पारखायला नालवाडीच्या ऑफिसात त्यांनी अंकिताला बसवलं. तीही पक्क्या नोकरीच्या आशेवर बसली. टेस्ट म्हणून पुलगावच्या साहिलनं स्क्रीनवर बैल पळवले, गिरडच्या मयुरीनं धूळ उडवली, उरलेल्यांनी झेंडीपासून गर्दीपर्यंत सगळं केलं.

"भाऊ, मयुरीले घेऊन टाका. लय हुशार पोरगी आहे."

"आता कायले घ्याचं कोनाले? साऱ्या टेस्टा जोडल्या, गेम झाला तयार."

"मंग माह्या नोकरीचं काय?"


"तुही बी टेस्टच होती, पोरी. पास झाली तू. जाय आता घरी."