तिनं पाणी घेतलं का?

कारभारीनं शेवटची घागर त्यानंच विधवा केलेल्या बाईच्या उंबऱ्यावर ठेवली, पोटातल्या गोळीवर हात दाबून तो तिथंच खाली बसला, आणि टीव्हीचा पडदा काळा झाला. मालिका संपली. अजिनाथ मात्र उठला नाही. बाहेर त्याचा टँकर उभा होता आणि बिल्डिंगवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते.

"सुटला बिचारा," तो म्हणाला.

कस्तुराबाई लसूण सोलत होती. "बारा माणसं मारली त्यानं. बिचारा कशाचा?"

छावणीपासून बायपासपर्यंत प्रत्येक टपरीवर त्या आठवड्यात हाच वाद चालला होता. लोकांना दुसरे उद्योग नव्हते म्हणा. पण अजिनाथला उत्तर खरोखर हवं होतं, आणि ते ह्याच बाईकडून. सहा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात, दिवसाची अकरावी खेप मारताना बायपासच्या वळणावर त्याचा डोळा लागला आणि टँकरखाली तिचा एकुलता एक मुलगा आकाश आला. सायकलला कॅन अडकवून पाण्यालाच निघाला होता तो. अजिनाथ थांबला नाही. टँकर कुणाचा, ते पोलिसांना शेवटपर्यंत कळलं नाही.

यंदा पाऊस पुन्हा रुसला. दहा-दहा मजली बिल्डिंगी उगवल्या होत्या, नळ काही उगवले नव्हते. अजिनाथची खेप नेमकी ह्याच गल्लीवरून लागली. पहिल्याच दिवशी त्यानं गाडी थांबवून न मागता तिचा ड्रम भरला. मग दर मंगळवारी भरू लागला. वाटेत वळणावरचा कोवळा कडुलिंब सोडला तर हिरवं पान दिसत नव्हतं. ते वळण आलं की तो आरशात बघायचा.

ड्रम भरला की कस्तुराबाई त्याला मालिकेला बसवायची आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवायची. गाडीत बाटली आहे, असं म्हणून तो टाळायचा. ज्या घरचा माणूस मारला, तिथलं पाणी नरड्याखाली कसं उतरणार? पुढच्या मंगळवारी ड्रम तळाशी कोरडा असायचा. बाई हापशावरून कळशी आणताना दिसायची. ड्रमातलं पुरत नाही, म्हणायची. एकट्या बाईला एवढं पाणी कशाला लागतं, असं त्याच्या मनात यायचं. पण आपलं पाणी ह्या घरात मुरतंय, एवढ्यावर त्याला बरं वाटायचं.

"शेवटी पाणी दिलं ना त्यानं," अजिनाथ म्हणाला. "जीव दिला. आता तरी माफी मिळायला पायजे का नाय?"

"घागर ठेवली तेवढं दाखवलं. तिनं पाणी घेतलं का, ते कुठं दाखवलं?"

"घेतलंच असंल. लई तहानलेली होती."

"तहान लागली म्हणून कुणाचंबी पाणी घेत नसत्यात, बाबा."

चोराच्या मनात चांदणं. अजिनाथचा सदरा पाठीला चिकटला. आज सांगायचं ठरवूनच तो पाचोडहून निघाला होता. मालिका संपली, आता बसायला निमित्तही उरलं नव्हतं. त्यानं तांब्या तिच्याकडं सरकवला.

"मावशी, सहा वर्षांमागं त्या वळणावर माझीच गाडी होती. हे ऐकूनबी पाणी दिलं, तर पिईन."

कस्तुराबाईनं हातातली पाकळी सोलून ताटात टाकली.

"ठावं हाय. पहिल्याच दिशी कळलं. दुष्काळात न मागता ड्रम कोण भरून देतं?"

अजिनाथनं ड्रमकडं बघितलं. "मग पाच महिने माझं पाणी..."

"एक थेंब पेले नाय."

ती उठली. भरल्या ड्रममधून कळशी बुडवून घेतली, कमरेवर ठेवली आणि गल्लीतून चालू लागली. तो मागं निघाला. वळण आलं. आज बघायला आरसा नव्हता. कडुलिंबाच्या बुडाशी दगडांचं आळं होतं, माती अजून ओलसर होती. पोपटी पालवी तिच्या डोक्याच्या वर गेली होती. तिनं वाकून कळशी रिकामी केली आणि पाणी पार जिरेपर्यंत त्याला बोलू दिलं नाही.

"मी नाय घेतलं," ती म्हणाली. "पण आकाश घेतोय, बघ."