भाकरीचा तवा

लातूर सोडून सहा दिवस झाले होते. कोकणच्या किनाऱ्याने गाडी रमतगमत चालली होती. समुद्र दिसला की थांबायची, गर्द जंगल लागलं की थांबायची. थांबली की मी डिकीतून शेगडी, परात, तवा काढायचे, कारण ह्यांना ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. घरचे सगळे लाटांत खेळायचे, मी भाकरी थापायचे. आजही वाळूवर बसून नववी भाकरी थापत होते. पाय अजून कोरडेच. पाण्यातून हे ओरडले, "अगं, लई भूक लागलीय! दोन जास्तीच्या टाक!" मी उठले. तापलेला तवा सांडशीत धरून तडक समुद्रात शिरले. लाट लागताच तवा चरचरला. हे धावतच आले. "येडी झाली का? तवा गंजंल की!" बत्तीस वर्षांत माझ्यामागं पहिल्यांदा धावले, तेही तव्यासाठी. मी तवा भिरकावला आणि लाटांतच फतकल मारून बसले.