एकघाव

तिसरं पिल्लू पाण्याच्या ताटलीत बुडून मेलं. बोटभर पाण्यात.

सुनेने ते जुन्या टॉवेलात गुंडाळलं. ताटलीत गोट्या टाकल्या, म्हणजे पिल्लांची चोच आत जाईल, अंग जाणार नाही. मग ओट्याला टेकून जरा रडली. आदल्या रात्री दोन गेली होती. बल्ब फार उंच टांगला होता. गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढली आणि खालची दोन चेंगरली. आता बल्ब खाली आला होता.

शिकायचं म्हटलं की फी पडतेच, असं नवरा म्हणाला. तो बस चालवायचा. नवा होता तेव्हा त्यानेही दोन खांब पाडले होते.

पण खांब मोजायला कोणी येणार नव्हतं.

पिल्लं मोजायला उबवणी केंद्राच्या बाई येणार होत्या. पन्नास पिल्लं त्यांनी विश्वासावर दिली होती. पंख फुटेपर्यंत पंचेचाळीस जगली, तर यापुढे दर महिन्याला नवी खेप. एक जरी कमी भरलं, तर खेप दुसऱ्या कोणाला आणि सून परत शिलाईच्या कारखान्यात. कॉलरवर कॉलर, कॉलरवर कॉलर.

बाईंचा दुसरा नियम त्याहून कडक होता. सुस्त पिल्लू दिसलं की लगेच काढून टाकायचं. दयामाया नाही. एकापायी सगळी जातात.

तसं एक दिसलंच. पाय दोन दिशांना फाकलेले, धड उभं राहता येईना. सुनेचा हात पुढे होईना. पण घरात सासरे होते.

सासऱ्यांनी उभा जन्म बाजारात मटणाचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकं त्यांना एकघाव म्हणायची, कारण दुसरा घाव कधी लागला नाही. दुकान सोडल्यापासून ते बिनकामाचे झाले होते. बिनबोलाचे आधीपासूनच होते.

“आबा, तुमचा हात सराईत आहे,” ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

आबांनी पिल्लू तळहातावर घेतलं. “जा तू,” एवढंच म्हणाले.

थोड्या वेळाने ते मोरीवर हात धूत होते. ती विचारायला गेली नाही.

संध्याकाळी आबांनी चिकटपट्टी मागितली. पायाला कुरूप झालंय म्हणाले.

मग गरम पाण्याची पिशवी. गुडघा.

मग टेबलावरचा दिवा. पेपर वाचायला.

ज्या माणसाने जन्मभर पेपरात फक्त मटण बांधलं, तो आता अख्खा पेपर खोलीत नेऊन दार लावून घेऊ लागला. जोडीला रेडिओ. सकाळी उठल्यापासून, असा मोठा की भिंतीवरचं घड्याळ थरथरावं. सुनेने एकदा हसत विचारलं, काय म्हणतंय जग?

“नेहमीचंच,” आबा म्हणाले. “सगळी घाण.”

नवऱ्याचं मत पडलं की आबांचं आता काही खरं नाही. गुडघा गेला, कान गेले, त्यात वाचन सुरू झालं.

सुनेला मात्र वेगळंच टोचत होतं. आणखी दोन पिल्लं सुस्तावली होती आणि तीही तिने आबांच्याच हातात दिली होती. दर वेळी ते दार लावून बसले. दुकान सोडून सुटलेल्या माणसाचे हात आपण पुन्हा बरबटवले, असं तिला वाटत राहिलं. शेवटी ती म्हणाली, की आबा, पुढचं मी बघीन.

“तू नको,” आबा म्हणाले. “मला सवय आहे.”

पुढचं आलंच नाही. पण गणित बिघडायचं ते बिघडलं होतं. तीन मेलेली, तीन काढलेली. तरी ती रोज भुसा बदलत होती, कोमट पाण्याने एकेकाचं बूड पुसत होती. उरलेली पिल्लं खादाड आणि भांडखोर निघाली. अंगावर अर्धे पंख, अर्धी लव. कोणीतरी घाईत शिवायला घेऊन मध्येच जेवायला उठून गेल्यासारखी. त्यांच्याकडे बघून तिला हसू यायचं, आणि मग कॉलर आठवायच्या.

बाई आल्या. एकेक पिल्लू उचलून दुसऱ्या खोक्यात सोडत त्यांनी मोजलं.

“चव्वेचाळीस.”

बाईंनी पुन्हा खोक्यात पाहिलं. पिल्लं बघून त्या खूश झाल्या होत्या. त्यांनाही एवढ्याशासाठी नाही म्हणायचं जिवावर आलं होतं.

“पुन्हा मोजू,” त्या म्हणाल्या. “या गोंगाटात चुकलं असेल. जरा तो रेडिओ बंद करा बघू.”

आबा खोलीच्या दारात उभे होते. ते हलले नाहीत.

“बातम्या चालल्यात.”

रेडिओवर साबणाची जाहिरात चालली होती.

“दोनच मिनिटं, आबा,” म्हणत सून त्यांच्या हाताखालून आत शिरली आणि तिने बटण फिरवलं.

रेडिओ बंद झाला. गोंगाट बंद झाला नाही.

पलंगाखाली दिवा जळत होता. अंथरलेल्या पेपरावरून एक पिल्लू बाहेर आलं, एका पायाला चिकटपट्टीचा तुकडा अजून लटकत असलेलं. ते खोलीभर लंगडत सरळ दाराशी गेलं आणि आबांच्या अंगठ्यावर चढून बसलं.

“पंचेचाळीस,” दारातून बाई म्हणाल्या.