इंजिनातली टकटक

चढावर इंजिनात बारीक टकटक सुरू झाली आणि त्याचं टाळकंच सटकलं. काल गाडी शेजारी बसलेल्या बायकोने नेली होती. त्याने तडक पेट्रोल पंप गाठला आणि टाकी भरायला आलेल्या माणसासमोरच तिच्यावर तोंड सोडलं.

"काल साधं पेट्रोल भरलंस ना? हजारदा सांगितलंय, या गाडीला प्रीमियमच लागतं! अगं, जरा कान दिला तरी कळतं, आत काहीतरी बिनसलंय म्हणून. पण तुझं लक्ष असेल तर ना!"

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. त्याचा पारा आणखी चढला.

"आता का दातखीळ बसली? बोल की!"

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. पंपावरचा माणूस हातात पाइप धरून ताटकळला होता. तिने पट्टा सोडला, दार उघडलं आणि उतरता उतरता म्हणाली,

"रविवारी भर पाहुण्यांत तुम्ही माझ्या बाबांचा पाणउतारा केलात. त्या दिवसापासून मी तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही. आत्ता कुठे लक्षात आलं तुमच्या?"